विश्लेषण : हायब्रिड मोटारीचे कोणते व्हेरिएंट परवडते? किमतीची घासाघीस कुठे होऊ शकते?

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाले आणि मोटारींच्या किमती खाली आल्या. पेट्रोलचा खर्च कमी आणि चार्जिंगची कटकट नाही, म्हणून हायब्रिड गाडीचा विचार करणारे ग्राहक बरेच आहेत. शोरूममध्ये मात्र एकाच गाडीची दहा-बारा व्हेरिएंट समोर येतात. प्रत्येकाची किंमत वेगळी आणि त्याखाली कर, विमा, ॲक्सेसरीज यांची लांबलचक यादी. हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे पेट्रोलच्या बचतीतून वसूल होतात का, याचे उत्तर गाडीच्या नावापेक्षा निवडलेल्या व्हेरिएंटवर अधिक अवलंबून असते. ते कसे आणि सौदा करताना नेमके काय पाहावे, याचा आढावा.

‘माइल्ड’ आणि ‘स्ट्राँग’ हायब्रिडमध्ये फरक काय?

हायब्रिड हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांसाठी वापरला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. सिग्नलला इंजिन बंद करणे, पुन्हा चालू करणे आणि वेग घेताना थोडी मदत करणे एवढेच तिचे काम. ती मोटर एकटीने गाडी ओढू शकत नाही. मारुती सुझुकीच्या अनेक पेट्रोल गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असते, ते या प्रकारचे.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोठी मोटर आणि स्वतंत्र लिथियम-आयन किंवा तत्सम बॅटरी असते. कमी वेगात गाडी काही अंतर केवळ विजेवर चालते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवली जाते, त्यामुळे बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही. होंडा सिटी ई-एचईव्ही, मारुती ग्रँड विटारा, टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस, मारुती इन्व्हिक्टो आणि मारुती व्हिक्टोरिस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या भारतात मिळतात. ग्रँड विटारातील बॅटरी जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. म्हणजे ही विजेवरची गाडी नव्हे, तर पेट्रोल जपून वापरणारी पेट्रोल गाडी आहे. दरपत्रकात ‘हायब्रिड’ एवढेच लिहिलेले असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, माइल्ड की स्ट्राँग?

जाहीर केलेले मायलेज प्रत्यक्षात मिळते का?

ग्रँड विटारा आणि हायरायडर बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीचे जाहीर मायलेज लिटरमागे २७.९७ किलोमीटर होते. इनोव्हा हायक्रॉसचे २३.२४ किलोमीटर. हे आकडे पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर ठेवून आणि ठरलेल्या वेगाने चालवून मिळतात. या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. भर उन्हातला एसी, खंबाटकीचा चढ, पाच माणसे आणि सामान या गोष्टी तिथे नसतात. त्यामुळे रस्त्यावरचा आकडा कमीच भरतो. हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे.

हायब्रिडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिचा फायदा गाडी किती चालवता यापेक्षा कुठे चालवता यावर ठरतो. पुण्यातील हिंजवडी किंवा मुंबईतील अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, जिथे दर मिनिटाला ब्रेक लागतो, तिथे स्ट्राँग हायब्रिड सर्वाधिक पेट्रोल वाचवते. समृद्धी महामार्गावर एकाच वेगाने तासन् तास जाताना ब्रेक लागत नाही, बॅटरीत ऊर्जा परत येत नाही आणि बहुतेक काम इंजिनच करते. तिथे साधी पेट्रोल गाडी आणि हायब्रिड यांतील अंतर बरेच कमी होते.

हायब्रिड वरच्या व्हेरिएंटमध्येच का मिळते?

ग्राहकाला इंजिन आणि सोयी यांची निवड स्वतंत्रपणे करता आली असती तर हिशेब सोपा होता. पण कंपन्या या दोन गोष्टी एकत्र बांधून विकतात. ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १० लाख ४५ हजारांपासून सुरू होत होती. स्ट्राँग हायब्रिड मात्र झेटा प्लस आणि अल्फा प्लस या दोनच व्हेरिएंटमध्ये होते. त्यांच्या किमती अनुक्रमे १७ लाख ९९ हजार आणि १९ लाख ४९ हजार होत्या. इनोव्हा हायक्रॉसची पेट्रोल आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १८ लाख ३० हजारांपासून, तर हायब्रिड २४ लाख १ हजारापासून सुरू झाली.

यामागे व्यापारी गणित आहे. हायब्रिड यंत्रणा महाग असल्याने तिची किंमत मोजणारा ग्राहक सनरूफ, मोठा पडदा आणि थंड हवेची आसने यांचेही पैसे देईल, असे कंपन्या धरतात. पायऱ्यांमधील अंतरही विचारपूर्वक ठरवलेले असते. हायक्रॉसच्या व्हीएक्स आणि झेडएक्स या हायब्रिड व्हेरिएंटमध्ये सुरुवातीला ४ लाख ३२ हजारांचा फरक होता, तर झेडएक्स आणि झेडएक्स (ओ) यांच्यात फक्त ६४ हजारांचा. चालकाला साहाय्य करणारी सुरक्षा यंत्रणा, म्हणजे अडास, त्या शेवटच्या पायरीवर होती. ‘एवढे दिलेच आहेत, तर आणखी ६४ हजार’ असे ग्राहकाला वाटावे, हा त्यातील हेतू उघड आहे.

स्पर्धा वाढली की ही गाठ सैल होते. ग्रँड विटाराचे डेल्टा प्लस हे खालच्या श्रेणीतील स्ट्राँग हायब्रिड २०२५ मध्ये १६ लाख ९९ हजारांना आले. खालच्या श्रेणीत हायब्रिड मिळू लागणे ही ग्राहकाच्या दृष्टीने कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी बातमी असते. त्याचे कारण पुढच्या हिशेबात आहे.

जादा किंमत किती किलोमीटरमध्ये वसूल होते?

ग्रँड विटाराच्या २०२२ मधील किमतीच उदाहरणादाखल घेऊ. आजच्या किमती वेगळ्या असल्या तरी हिशेबाची रीत तीच राहते. अल्फा श्रेणीतील माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक १६ लाख ८९ हजारांना होते आणि अल्फा प्लस स्ट्राँग हायब्रिड १९ लाख ४९ हजारांना. फरक २ लाख ६० हजारांचा. त्यावर महाराष्ट्रातील १२ टक्के रस्ता कर आणि वाढीव विमा धरला की तो सुमारे ३ लाखांवर जातो.

आता पेट्रोलची बचत. शहरात माइल्ड हायब्रिड लिटरमागे १५ आणि स्ट्राँग हायब्रिड २२ किलोमीटर देते असे धरू. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ६ रुपये ९३ पैसे आणि ४ रुपये ७३ पैसे येतो. म्हणजे बचत २ रुपये २० पैसे. या वेगाने ३ लाख रुपये वसूल व्हायला सुमारे १ लाख ३६ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला त्यासाठी अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. महामार्गावर १९ आणि २३ किलोमीटर असे मायलेज धरले तर बचत किलोमीटरमागे ९५ पैशांवर येते आणि तीच रक्कम वसूल व्हायला ३ लाख किलोमीटरही पुरत नाहीत.

पण तुलना थोडी बदलून पाहू. अल्फाच्या माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकसमोर अल्फा प्लस न ठेवता एक पायरी खालचे झेटा प्लस स्ट्राँग हायब्रिड ठेवले, तर फरक उरतो १ लाख १० हजारांचा. कर आणि विमा धरून सुमारे सव्वा लाख. तो शहरात ५७ हजार किलोमीटरमध्ये वसूल होतो. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पावणेपाच वर्षे, दोन हजार धावणाऱ्या गाडीला अडीच वर्षांहून कमी. यंत्रणा तीच, मायलेज तेच. बदलली ती फक्त श्रेणी.

झेटा प्लसवरून अल्फा प्लसवर जाताना मोजलेले दीड लाख रुपये पेट्रोलचा एक थेंबही वाचवत नाहीत. ते सोयींसाठी दिलेले पैसे असतात. ते देण्यात गैर काही नाही, पण ते हायब्रिडच्या खात्यावर टाकले की हिशेब फसतो. अर्थात सगळेच पैशात मोजता येत नाही. स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात शांत चालते, गिअर बदलण्याचे झटके नसतात आणि वाहतूक कोंडीत चालकाचा शीण कमी होतो. त्याची किंमत ज्याने त्याने ठरवायची.

व्हेरिएंट निवडताना काय घ्यावे, काय सोडावे?

सोयींची यादी तीन भागांत विभागली तर निवड सोपी होते. पहिला भाग कारखान्यातच बसवल्या जाणाऱ्या आणि नंतर बसवता न येणाऱ्या गोष्टींचा. एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा, अडास, चारही डिस्क ब्रेक, मागच्या मधल्या प्रवाशाचा तीन टोकांचा पट्टा. यापैकी काही हवे असेल आणि ते फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये असेल तर जादा पैसे देण्याला अर्थ आहे. दुसरा भाग नंतर बसवता येणाऱ्या गोष्टींचा. सीट कव्हर, मॅट, डॅशकॅम, पडदे यांचा यात समावेश होतो. त्यांच्यासाठी व्हेरिएंट बदलण्याचे कारण नाही. तिसरा भाग नंतर बसवता न येणाऱ्या, पण नसल्या तरी चालणाऱ्या गोष्टींचा. सनरूफ हे त्याचे ठळक उदाहरण.

हायब्रिड गाडीत बाहेरून विजेची उपकरणे बसवताना एक धोका आहे. वायर कापून बसवलेल्या हॉर्न, दिवे किंवा म्युझिक सिस्टीममुळे त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. टोयोटा, मारुती आणि होंडा यांनी हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी दिली आहे. ती जपणे शंभर वॉटच्या स्पीकरपेक्षा महत्त्वाचे.

आणखी एक तपासणी शोरूममध्येच करावी. बॅटरीसाठी जागा द्यावी लागल्याने काही हायब्रिड गाड्यांची डिकी त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीपेक्षा लहान असते. आपल्या घरच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन जाऊन त्या मावतात का, हे पाहिलेले बरे. सीएनजी किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह हवे असेल तर ते सहसा स्ट्राँग हायब्रिडसोबत मिळत नाही, हेही आधीच विचारावे.

जीएसटी बदलाने हायब्रिड स्वस्त झाली की महाग?

किंमत उतरली, पण तुलनेत मिळणारा लाभ आटला. जुलै २०१७ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के कर होता. त्याच वेळी १२०० सीसीच्या वरच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर ४५ टक्के, तर त्याहून मोठ्या इंजिनांवर ४८ ते ५० टक्के कर पडत होता. म्हणजे हायब्रिडला २ ते ७ टक्क्यांची सवलत होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि या सगळ्या गाड्या ४० टक्क्यांच्या एकाच टप्प्यात आल्या. परिणामी मोठ्या पेट्रोल व डिझेल गाड्या जास्त उतरल्या, हायब्रिड कमी. टोयोटाने जाहीर केलेल्या कपातीत हे स्पष्ट दिसते. डिझेलवरील फॉर्च्युनरची किंमत ३ लाख ४९ हजारांपर्यंत कमी झाली, तर जवळपास तेवढ्याच किमतीच्या हायब्रिड कॅमरीची फक्त १ लाख १ हजारांच्या आसपास. विजेवरील गाड्यांवर ५ टक्के कर कायम आहे. म्हणून २०२५ पूर्वी कुणी मांडलेला ‘हायब्रिड परवडते’ हा हिशेब आज जसाच्या तसा लागू होत नाही. तो नव्या किमतींवर पुन्हा करावा लागतो.

महाराष्ट्रात कोणते कर द्यावे लागतात?

हायब्रिडला महाराष्ट्रात रस्ता करात विजेवरील गाड्यांसारखी माफी नाही. ती पेट्रोल गाडी म्हणूनच धरली जाते. वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास दर याहून अधिक असतो. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. पण अशी सवलत त्या राज्यातील नोंदणीपुरती असते. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर नवी नोंदणी आणि इथला कर चुकत नाही.

व्हेरिएंट निवडताना २० लाखांची रेषा ध्यानात ठेवावी. वाढीव दर फक्त २० लाखांवरच्या रकमेला नव्हे, तर पूर्ण किमतीला लागतो. १९ लाख ९५ हजारांच्या गाडीवर कर २ लाख ३९ हजार ४०० रुपये. २० लाख १० हजारांच्या गाडीवर २ लाख ६१ हजार ३०० रुपये. म्हणजे १५ हजारांनी महाग असलेले व्हेरिएंट प्रत्यक्षात जवळपास ३७ हजारांनी महाग पडते. अनेक गाड्यांची हायब्रिड व्हेरिएंट नेमकी याच रेषेच्या आसपास असतात.

याशिवाय १० लाखांहून महाग गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस वसूल करतो. हा प्राप्तिकराचाच आगाऊ भरणा आहे. विवरणपत्रात तो दाखवला की देय करातून वजा होतो किंवा परतावा मिळतो. १८ लाखांच्या गाडीवर ही रक्कम १८ हजारांच्या घरात जाते. त्यासाठी पॅन क्रमांक बरोबर नोंदवला आहे ना, हे पाहावे. जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र असल्यास नव्या गाडीच्या करात सवलत मागता येते. केंद्राच्या नियमांत खासगी वाहनांसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत देण्याची तरतूद आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवते.

‘कंपनी सवलत देऊ देत नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असते का?

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोव्यातील विक्री धोरणाबाबत आलेल्या एका निनावी ईमेलवरून हे प्रकरण सुरू झाले होते. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सवलत देऊ नये, असे धोरण कंपनी राबवत होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. ग्राहक म्हणून पाठवलेली माणसे शोरूममध्ये जाऊन जादा सवलत मिळते का हे तपासत आणि मिळाल्यास विक्रेत्याला दंड होई, असे आदेशात नमूद आहे. कंपनीने या आदेशाविरोधात अपील केले.

ग्राहकाने यातून एवढेच घ्यायचे की, एक्स-शोरूम किंमत कंपनी जाहीर करत असली तरी आपल्या नफ्यातून किती सोडायचे, हे विक्रेत्याने ठरवायचे असते. सवलत दोन खिशांतून येते. एक कंपनीचा, म्हणजे रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सवलत. ही बहुतेक सगळ्या विक्रेत्यांकडे सारखीच असते आणि ती मागितल्याशिवाय सांगितली जातेच असे नाही. दुसरा विक्रेत्याचा स्वतःचा. खरी घासाघीस तिथे होते. म्हणून ‘एकूण किती कमी करणार’ असे न विचारता ‘कंपनीचे किती आणि तुमचे किती’ असे विचारावे. एकाच कंपनीच्या दोन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रक घेतले की फरक दिसतो.

हायब्रिडमध्ये ग्राहकाच्या हाती आणखी एक पत्ता आहे. ग्रँड विटारा आणि हायरायडर या जुळ्या गाड्या आहेत, तसेच हायक्रॉस आणि इन्व्हिक्टो. तंत्रज्ञान तेच, नावे व विक्रेते वेगळे. एका दालनात दुसऱ्या दालनाचे दरपत्रक दाखवता येते आणि ते पोकळ धमकीसारखे वाटत नाही.

ऑन-रोड किमतीतील कोणत्या ओळी कमी होऊ शकतात?

दरपत्रकात तीन प्रकारच्या ओळी असतात. सरकारी कर व शुल्क, विक्रेत्यामार्फत मिळणाऱ्या सेवा आणि विक्रेत्याने लावलेले आकार. रस्ता कर, ६०० रुपये नोंदणी शुल्क, कर्ज असल्यास १५०० रुपये बोजा नोंद शुल्क यांत घासाघीस नसते. पण ‘नोंदणी खर्च’ या एकाच शीर्षकाखाली याहून मोठी रक्कम असेल तर फोड मागावी.

विमा ही सर्वांत मोठी लवचीक ओळ. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. गाडीच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेता येतो. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांसाठी १० हजार ६४० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २४ हजार ५९६ रुपये होतात. त्याच अधिसूचनेत हायब्रिडला साडेसात टक्के सूट दिलेली आहे. ती दरपत्रकात धरली आहे का, हे तपासावे. नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. विक्रेत्याकडूनच विमा घ्यावा अशी सक्ती करता येत नाही. गाडीची विमा रक्कम आणि झिरो डेप्रिसिएशनसारखी जोड तीच ठेवून बाहेरचे दर आणले की विक्रेता बहुधा आपला हप्ता खाली आणतो. कॅशलेस दुरुस्ती कुठे मिळेल, एवढे पाहून निर्णय घ्यावा.

‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ आकार सरकारी तिजोरीत जात नाही. तो कशासाठी आहे हे लेखी विचारले की अनेकदा तो वगळला जातो. ॲक्सेसरीजचा ‘आवश्यक संच’ही आवश्यक नसतो. विक्रेता रोख सवलतीऐवजी २५ हजारांच्या ॲक्सेसरीज देऊ करतो तेव्हा त्या छापील किमतीने मोजलेल्या असतात. रोख १५ हजार मिळत असतील तर ते अधिक किमतीचे. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर ती मात्र सौद्याचा भाग म्हणून मागण्यासारखी आहे.

कर्जाची ओळ सहसा दरपत्रकात नसते, पण भार तिचाच जास्त. १५ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर ९ टक्के दराने हप्ता सुमारे ३१ हजार १४० रुपये येतो आणि पावणेदहा टक्के दराने सुमारे ३१ हजार ६९० रुपये. महिन्याला साडेपाचशेचा फरक किरकोळ वाटतो, पाच वर्षांत तो ३३ हजारांच्या आसपास जातो. शोरूममध्ये भांडून मिळवलेली सवलत अशी परत जाऊ शकते. म्हणून आधी आपल्या बँकेचा दर हाती असावा आणि गाडीची किंमत ठरेपर्यंत हप्त्याची चर्चा टाळावी.

घासाघिशीसाठी योग्य वेळ कोणती?

गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळी पाडवा या मुहूर्तांना गाडी घरी आणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या दिवशी गाडी हवीच, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. मुहूर्ताची गाडी हवी असेल तर सौदा दोन-तीन आठवडे आधी, शक्य तर पितृपक्षातल्या शांत दिवसांत लेखी ठरवावा. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर विक्रेत्याला उद्दिष्ट गाठायचे असते, तेव्हाही सूट वाढते.

डिसेंबरमध्ये सवलती मोठ्या असतात, कारण जानेवारीत तीच गाडी मागच्या वर्षीची ठरते. गाडी सात-आठ वर्षे वापरायची असेल तर हा फरक फारसा जाणवत नाही. तीन वर्षांत विकायची असेल तर मात्र सवलत पुनर्विक्रीतील तोट्याहून जास्त हवी.

ज्या व्हेरिएंटला प्रतीक्षा यादी आहे तिथे घासाघीस चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये टोयोटाने पुरवठ्याच्या अडचणीमुळे हायक्रॉसच्या झेडएक्स आणि झेडएक्स (ओ) या व्हेरिएंटची नोंदणी तात्पुरती थांबवली होती. अशा वेळी सवलत मागण्यापेक्षा अटी तपासणे महत्त्वाचे. बहुतेक नोंदणी अर्जांवर ‘गाडी ताब्यात देतानाची किंमत लागू राहील’ असे लिहिलेले असते. म्हणजे प्रतीक्षेच्या काळात दरवाढ झाली तर ती ग्राहकावर पडते. नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, हेही अर्ज भरतानाच लिहून घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

उरलेली रक्कम भरण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. चासी क्रमांकावरून निर्मितीचा महिना व वर्ष कळते. व्हेरिएंटचे नाव, रंग आणि ठरलेल्या सोयी पावतीशी जुळवून पाहाव्यात. किलोमीटरचा आकडा, टायरची स्थिती आणि रंगावरचे ओरखडे नोंदणीपूर्वीच दाखवून द्यावेत. एकदा नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणे अवघड असते. तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट, मग ती मोफत मॅट असो वा वाढीव वॉरंटी, दरपत्रकावर विक्रेत्याच्या सहीशिक्क्यासह असावी. ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

पुढे हायब्रिड स्वस्त होतील का?

गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या ‘कॅफे’ नियमांचा तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचे नियोजन आहे. त्याच्या मसुद्यात विजेवरील गाड्यांबरोबर स्ट्राँग हायब्रिडनाही हिशेबात झुकते माप देण्याचा प्रस्ताव आहे. तसे झाले तर अधिक हायब्रिड विकणे ही कंपन्यांचीच गरज बनेल आणि ही यंत्रणा खालच्या व्हेरिएंटमध्ये येण्याची शक्यता वाढेल. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला आजही ४० नव्हे, १८ टक्केच जीएसटी लागतो. त्या आकाराची स्ट्राँग हायब्रिड बाजारात आली तर सगळाच हिशेब बदलेल.

तोपर्यंत महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर किंवा प्रामुख्याने महामार्गावर गाडी चालवणाऱ्याने केवळ बचतीसाठी स्ट्राँग हायब्रिड घेण्याचे कारण नाही. रोज शहरात तास-दोन तास अडकणाऱ्याने ती जरूर पाहावी, पण यादी वरून खाली न वाचता खालून वर वाचावी. हायब्रिड यंत्रणा आणि आवश्यक सुरक्षा ज्या पहिल्या व्हेरिएंटमध्ये मिळते, तिथे थांबावे आणि मग दरपत्रकाच्या एकेका ओळीवर बोलायला बसावे.